क्रूझचं ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं का? आधी केबिनचा हिशेब मांडा

क्रूझचं बुकिंग झालं की थोड्याच दिवसांत ड्रिंक्स पॅकेजचे, म्हणजे रोजचा ठरलेला रेट भरा आणि पाहिजे तेवढं प्या असल्या योजनेचे, मेल सुरू होतात, आज चाळीस टक्के ऑफ, उद्या शेवटचा दिवस, असं सगळं, आणि मग घरात आणि मित्रांच्या ग्रुपवर तीच चर्चा, घ्यायचं का नको. सोलापुरातनं आता सिंगापूरच्या क्रूझला, मुंबई-गोवा क्रूझला जाणाऱ्या फॅमिल्या बऱ्याच झाल्यात, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणी रिटायर झालेलं असतं, कुठं चार मित्रांच्या फॅमिल्या मिळून निघतात, आणि हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांना दारूचं पॅकेज परवडत नाही. लोक दारूचे रेट बघत बसतात, पण खरी गोम केबिनच्या नियमात असते आणि तो नियम लोक पैसे भरताना वाचतात, तोपर्यंत मनानं पॅकेज घेतलेलं असतं.

आधी एवढं समजून घ्या की तिकिटात काय येतं. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या क्रूझ कंपनीच्या जहाजावर केबिन, बुफेचं आणि मेन डायनिंगचं जेवण, शो हे तिकिटात असतं. प्यायचं म्हणाल तर साधं पाणी, चहा, साधी मशीनची कॉफी, लेमोनेड, सकाळच्या नाश्त्याला ज्यूस, एवढं फुकट मिळतं. कोक-पेप्सी, बाटलीबंद पाणी, ताज्या संत्र्याचा रस, कॅपुचिनोसारखी कॉफी, मॉकटेल (बिनदारूचं कॉकटेल) आणि सगळी दारू याचे वेगळे पैसे लागतात, आणि ते रोख द्यायचे नसतात, केबिनचं कार्ड दाखवलं की डॉलरमध्ये बिलाला लागत जातं. रोख जात नाही म्हणून हात सैल सुटतो, हे खरंय, आणि पॅकेज विकणारे याच भीतीवर विकतात की नंतर बिल बघून झोप उडेल, आत्ताच एकदम भरून मोकळे व्हा.

पॅकेजमध्ये काय असतं, तर दर दिवसाचा एक ठरलेला रेट भरायचा आणि मग पाहिजे तेवढं प्यायचं. पण 'पाहिजे तेवढं' याला पण कुंपण असतं. रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स पॅकेजमध्ये साधारण १४ डॉलरपर्यंतचा ग्लास बसतो, त्याच्या वरचा मागवला तर फरक तुमच्या बिलाला लागतो. कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीच्या पॅकेजला २४ तासांत १५ दारूच्या ग्लासांची मर्यादा आहे. केबिनमधल्या मिनीबारमधलं काही यात धरत नाहीत, जहाजावर स्टारबक्सचं दुकान असलं तर तिथली कॉफीसुद्धा नाही. आणि एका वेळी एकच ग्लास मिळतो, तो पण ज्याच्या नावाचं कार्ड त्यालाच, म्हणजे एकानं पॅकेज घ्यायचं आणि टेबलावरच्या चौघांना पाजायचं हे चालत नाही, बारवाले लक्ष ठेवून असतात आणि पकडलं तर पॅकेज बंद करतात. त्यामुळं तो विचार डोक्यातनं काढून टाका, परदेशात जाऊन असलं काही करून मान खाली घालायची वेळ आणू नका.

आता मुख्य गोष्ट, केबिनचा नियम. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा कंपन्यांचं म्हणणं असं की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसानं दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांनी ते घेतलंच पाहिजे. नियम यासाठी की एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये. आता आपल्या घरांत बघा. नवरा बसतो अधूनमधून मित्रांबरोबर, बायको घेत नाही. किंवा घेतली तर एखादी वाईन, तीही अर्धी राहते. तिकडं अमेरिकेत दोघंही पिणारे म्हणून त्यांना हा नियम एवढा टोचत नाही, आपल्याला मात्र एका पिणाऱ्यासाठी दोन पॅकेजेस भरावी लागतात. म्हणून वेबसाइटवर दिसतो तो रेट तुमचा रेट नव्हेच, तो दुप्पट धरा आणि मग विचार करा.

यातच अजून एक गोष्ट आहे जी मुलं बरोबर नेणाऱ्यांनी नीट बघावी. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात हे आपल्या डोक्यात असतं, पण रॉयल कॅरिबियनच्या सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर पिण्याचं वय १८ आहे, अमेरिकेतनं निघणाऱ्यांवर २१. म्हणजे तुमचा इंजिनिअरिंगला असलेला १९ वर्षांचा मुलगा तुमच्याच केबिनमध्ये असला तर जहाजाच्या लेखी तो पिण्याच्या वयाचा आहे, आणि तुम्ही पॅकेज घेतलं की त्याचंही भरावं लागणार. त्याला तुम्ही थेंब देणार नसलात तरीसुद्धा. तिघांचं पॅकेज, पिणारा एक. हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

आता आकडे मांडू. हे आकडे नमुन्याचे आहेत, जहाज आणि तारीख बदलली की रेट बदलतो, पण पद्धत हीच ठेवायची. समजा पॅकेज दिवसाला ७५ डॉलर. यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज लागतो आणि तो बऱ्याचदा मोठ्या अक्षरातल्या रेटमध्ये धरलेला नसतो, शेवटच्या पानावर येतो. ७५ वर १८ टक्के म्हणजे ८८.५० डॉलर. चार रात्रींचे ३५४ डॉलर एका माणसाचे. दोघांचे ७०८. डॉलर हिशेबाला सोपा म्हणून ९० रुपये धरला तर ६३,७२० रुपये. एवढी रक्कम नुसत्या पिण्याची, तिकीट वेगळं, विमान वेगळं, व्हिसा वेगळा.

सुटं घेतलं तर काय पडतं? कॉकटेल १४ डॉलर धरा, बिअर साडेआठ, व्हिस्की १२, मॉकटेल ८, चांगली कॉफी ५. सुट्या ग्लासवर पण तोच १८ टक्के लागतो हे विसरायचं नाही, म्हणजे कॉकटेल साडेसोळा, बिअर १०, व्हिस्की १४, मॉकटेल साडेनऊ, कॉफी ६ असं साधारण. मग एका माणसाचे ८८.५० वसूल व्हायला दिवसाला कॉकटेल पाच-सहा किंवा बिअर नऊ लागतात. रोज. चारही दिवस. आणि केबिनमध्ये एकटाच पिणारा असला तर १७७ डॉलर वसूल करायला त्या एकट्यानं दिवसाला अकरा कॉकटेल किंवा अठरा बिअर प्यायला पाहिजेत. असा माणूस तुमच्या ओळखीत असला तर त्याला क्रूझची नाही, डॉक्टरची गरज आहे, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पेगचं माप पण लक्षात ठेवा. आपल्याकडं बारमध्ये ३० चा स्मॉल आणि ६० चा लार्ज ही सवय असते. जहाजावर एका ग्लासात साधारण ३० ते ४५ मिली ओततात, म्हणजे आपल्या लार्जपेक्षा कमीच. लोक घरी बसून म्हणतात मी रोज दोन लार्ज घेतो, जहाजावरचे चार सहज होतील. होतील, मान्य, पण चार आणि अठरा यात फरक आहे.

आता सगळ्यात कामाची स्टेप. कागद घ्या आणि 'मी रोज किती पितो' असं लिहू नका. ट्रीपचा प्रत्येक दिवस वेगळा लिहा आणि त्या दिवशी तुम्ही जहाजावर किती तास जागे असणार ते लिहा. कारण पॅकेज रात्रींवर लागतं, पूर्ण ट्रीपचं घ्यावं लागतं, एक-दोन दिवसांचं देत नाहीत. सिंगापूर-पेनांग-फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ धरू. पहिल्या दिवशी चेक-इन, लाईन, सेफ्टीचं सगळं होऊन तुम्ही दुपारनंतर मोकळे होता, आणि सोलापूर ते मुंबई नाहीतर हैदराबाद, तिथनं रात्रीचं विमान, असा प्रवास करून आलेला माणूस संध्याकाळी नऊला झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत. दोन्ही दिवशी सकाळी उतरायचं, फिरायचं, उन्हातनं दमून परत यायचं, आणि जमिनीवर पॅकेज चालत नाही, फुकेतच्या बीचवरचं शहाळं पण तुमच्याच खिशातनं. चौथा दिवस पूर्ण समुद्रात. पाचव्या दिवशी सकाळी नाश्ता करून बाहेर. म्हणजे चार दिवसांचे पैसे भरून पिण्यासारखा खरा पूर्ण दिवस एकच.

मग असा माणूस प्रत्यक्षात किती पितो? पहिल्या दिवशी एक कॉकटेल, एक बिअर, साडेसव्वीस डॉलर. पेनांगहून आल्यावर दोन व्हिस्की, २८. फुकेतच्या रात्री दोन बिअर, २०. समुद्रातल्या दिवशी दोन बिअर आणि दोन कॉकटेल, ५३. सगळे मिळून १२७.५० डॉलर. बायकोनं रोज एक मॉकटेल आणि एक चांगली कॉफी घेतली तर चार दिवसांचे ६२. दोघांचे मिळून १९० डॉलरच्या आत-बाहेर, १७ हजार रुपये. आणि पॅकेज ६३,७२०. फरक साधारण साडेशेहेचाळीस हजार. मी वरची यादी काही हात आखडून केलेली नाही, सुट्टीवर गेलेल्या माणसाचं पिणं आहे ते. आणि समजा दुप्पट प्यायले दोघंही, तरी ३४ हजारच होतात.

वार. हा मुद्दा बाहेरच्या कुठल्या हिशेबात तुम्हाला सापडणार नाही म्हणून मी थोडा थांबून सांगतो. आपल्याकडं कितीतरी जण गुरुवार पाळतात, अक्कलकोट एवढं जवळ, स्वामींचा वार म्हणून त्या दिवशी हात लावत नाहीत. कुणी शनिवार पाळतो, कुणी सोमवार सिद्धेश्वराचा, कुणी एकादशी आणि संकष्टी, पंढरपूर शेजारी असल्यावर ते आलंच. श्रावण तर महिनाभर. लोक म्हणतात बाहेरगावी गेल्यावर कुठलं पाळतो, पण जो मनापासून पाळतो तो समुद्रात पण पाळतो, आणि पाळावंच, त्यात काही कमीपणा नाही. मग कॅलेंडर काढून ट्रीपच्या तारखा बघा. चार रात्रींत गुरुवार आणि शनिवार दोन्ही आले तर पॅकेजचे दोन दिवस कोरडे गेले, त्या दिवसांचे पैसे कुणी कमी करत नाही. एका माणसाचे ३५४ डॉलर मग दोनच दिवसांत वसूल करायचे. आणि वर केबिनचा नियम असला तर विचारच नको. श्रावणात ऑफर चांगल्या असतात पावसाळ्यामुळं, तिकीट जरूर घ्या, पण पॅकेजचा मेल न उघडता डिलीट करा.

चहाचं पण सांगतो, कारण आपल्या माणसाला दारू एकवेळ नसली तरी चालते. पॅकेज कितीही महाग घेतलं तरी आपला उकळलेला, आलं टाकलेला चहा त्यात येत नाही. टी-बॅग आणि गरम पाणी मिळतं आणि ते असंही फुकट आहे. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली नेता येत नाही, इस्त्री-किटली असलं काही बॅगेत सापडलं तर काढून ठेवतात. त्यापेक्षा चहाच्या प्रीमिक्सच्या पुड्या सोबत ठेवा, बुफेमध्ये चोवीस तासांतल्या बऱ्याच वेळी गरम पाणी मिळतं, कपात घ्या आणि डेकवर जाऊन प्या. आईवडिलांना नेत असाल तर याच्यासारखी दुसरी सोय नाही. पाण्याची बाटली पण घरनं न्या, मे महिन्यात सोलापुरात बाटली घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही तशीच, जहाजावरचं साधं पाणी पिण्याजोगं असतं, बुफेतनं भरून घ्यायचं. बाटलीबंद पाण्याला रोज डॉलर घालवायची काही गरज नाही.

बिगरदारूचं पॅकेज पण असतं, रॉयल कॅरिबियनकडं रिफ्रेशमेंट पॅकेज म्हणतात, त्यात मॉकटेल, कोल्ड्रिंक, ताजे ज्यूस, कॉफी, बाटलीबंद पाणी येतं. फक्त कोल्ड्रिंकचं त्याहून स्वस्त पॅकेज वेगळं. यांना केबिनमधल्या सगळ्यांनी घ्यायची सक्ती नसते. शाळा-कॉलेजातली मुलं असली, दिवसभर पूलपाशी राहणार असली, तर हे कधीकधी खरंच परवडतं. तीच पद्धत, दिवसाचा रेट अधिक १८ टक्के, भागिले मॉकटेलचा रेट. समजा ३० डॉलर आहे, ३५.४० झाले, मॉकटेल साडेनऊ, म्हणजे दिवसाला चार. पोराला दिवसाला चार गोड मॉकटेल पाजायचीत का हा विचार तुम्ही करा, मला तर नाही पटत, दोन ठीक आहेत, सुटी घ्या.

मग पॅकेज घ्यावं कुणी? असेही लोक आहेत, सगळ्यांना नको म्हणणं चुकीचं होईल. दोघंही घेणारे, क्रूझ लांबीची, त्यात समुद्रातले दिवस जास्त आणि उतरायचे दिवस कमी, आणि सोबत कॉफी-ज्यूस-पाणी सगळंच बाहेरचं लागणारे, अशांचं दिवसाला चार-पाच ग्लास आणि दोन कॉफी सहज होतं, त्यांना पॅकेज बरोबरीत सुटतं आणि दर वेळी बिलाकडं बघायचा ताण जातो. मित्रांचा ग्रुप असेल तर बुकिंग करतानाच केबिनची वाटणी विचारानं करता येते, म्हणजे घेणारे दोघं एका केबिनमध्ये आणि न घेणारे दुसऱ्या, मग नियम आड येत नाही. फक्त ज्या केबिनवर नाव त्याच केबिनमध्ये रहा, कारण इमर्जन्सीला कुठं जमायचं ते त्या केबिनवरनं ठरतं, चार डॉलर वाचवायला त्यात गोंधळ नको. बायकोला तब्येतीमुळं किंवा गरोदरपणामुळं दारू चालत नसेल तर कंपनीला फोन करून किंवा एजंटमार्फत विचारा, अशा वेळी दुसऱ्याला बिगरदारूचं पॅकेज घेऊ देतात असं होतं. विचारायला पैसे पडत नाहीत. पण उत्तर लेखी घ्या.

'फुकट ड्रिंक्स' असं ज्या तिकिटात लिहिलेलं असतं तिथं जास्त सावध रहा. नॉर्वेजियनसारख्या कंपन्या तिकिटातच पॅकेज धरून देतात, पण त्या पॅकेजच्या किमतीवर २० टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, वेगळी घेतात, म्हणजे फुकट म्हणून घेतलेल्या गोष्टीचे रोजचे पैसे लागतातच. प्रिन्सेस या कंपनीच्या 'प्लस' नावाच्या भाड्यात ड्रिंक्सबरोबर वायफाय आणि टिप्स पण धरलेल्या असतात, तिथं हिशेब वेगळा होतो, वायफाय तुम्हाला लागणारच असेल तर ते वजा करून मग उरलेली रक्कम ड्रिंक्सची समजायची. सोपा उपाय एकच, पॅकेजसकट आणि पॅकेजशिवाय अशी दोन्ही तिकिटं त्याच तारखेची, त्याच केबिनची काढायला लावा आणि फरक बघा. एजंट म्हणाला तसं वेगळं निघत नाही, तर स्वतः वेबसाइटवर बघा. आणि ग्रुप टूरच्या पत्रकात 'ड्रिंक्स इन्क्लुडेड' असलं तर त्याचा अर्थ बऱ्याचदा चहा-कॉफी-लेमोनेड एवढाच असतो जे तसंही फुकट आहे, म्हणून नेमकं काय काय, दिवसाला किती, दारू आहे का नाही, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, तोंडी नको.

घ्यायचं ठरलंच तर जहाजावर चढून घेऊ नका, आधी ऑनलाइन घ्या, तिथं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. एजंटकडनं बुकिंग केलेलं असलं तरी बुकिंग नंबर टाकून कंपनीच्या अॅपवर तुमचं खातं स्वतः जोडता येतं, त्यात पॅकेजचा तुमच्या जहाजाचा, तुमच्या तारखेचा रेट दिसतो. हा रेट वर-खाली होत राहतो. रॉयल कॅरिबियनमध्ये आधी घेतलेलं पॅकेज जहाज निघण्याआधी रद्द करता येतं आणि पैसे परत येतात, म्हणून रेट बरा दिसला की घेऊन ठेवायचं आणि पुढं उतरला तर जुनं रद्द करून नवीन घ्यायचं, आधी नवीन रेट नीट बघून मगच रद्द. 'आज शेवटचा दिवस' या मेलला घाबरू नका, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावानं तसलाच सेल येतो. आणि कार्ड कुठलं वापरताय ते बघा, आपल्या साध्या क्रेडिट कार्डांना डॉलरच्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लागतो, ६३ हजारांवर तेच दोन हजारांच्या वर जातात. कमी मार्कअपचं किंवा फॉरेक्स कार्ड असलं तर ते वापरा, पॅकेज घेतलं नाही तरी जहाजावरच्या बिलाला पण.

स्वतःची बाटली न्यायची का, हे पण विचारतात. रॉयल कॅरिबियन पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक पिण्याच्या वयाच्या माणसाला ७५० मिलीची एक वाईनची बाटली नेऊ देते. व्हिस्की-रम नाही. ड्युटी फ्रीमधनं किंवा बंदरावरनं घेतलेली बाटली चढताना काढून ठेवतात आणि ट्रीप संपताना परत देतात. पाण्याच्या बाटलीत भरून न्यायचे उद्योग काही जण सांगतात, ते करू नका, बॅग स्कॅन होते. वाईन घेणारं जोडपं असेल तर दोन बाटल्या सोबत नेल्या की चार रात्रींचं बरंचसं तिथंच भागतं, पॅकेजचा प्रश्नच उरत नाही.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट जाते, २०२१ पासून, गोवा, कोची, लक्षद्वीप असे तिचे मार्ग आहेत, जेवण तिकिटात, दारू वेगळी. आपल्याला ही सगळ्यात जवळची. सोलापूरहून वंदे भारतनं सकाळी निघून दुपारी साडेबाराच्या सुमाराला सीएसएमटीला उतरता येतं आणि क्रूझ टर्मिनल तिथनं जवळ आहे, पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, त्यामुळं मी तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन सकाळी मुंबईत असणं बरं म्हणतो. दोन रात्रींच्या ट्रीपला पॅकेजचा विचार फारसा करू नका, एक संध्याकाळ चढण्यात गेली आणि एक सकाळ उतरण्यात, मध्ये उरतो तेवढाच वेळ. तिथंही विचारायचे प्रश्न तेच, सगळ्या केबिनला घ्यावं लागतं का, टॅक्स धरून किती, कुठले ब्रँड बसतात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.

तब्येतीचं बोलल्याशिवाय मला हे पूर्ण करता येणार नाही. पॅकेज घेतलं की डोक्यात वसुली सुरू होते. सकाळी अकराला पहिला ग्लास, मग पैसे भरलेत म्हणून दुसरा, जेवणाबरोबर तिसरा, आणि जो माणूस घरी महिन्यातनं दोनदा बसतो तो चार दिवस सकाळ-संध्याकाळ पितो. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला निर्धोक म्हणता येत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि बोट लागू नये म्हणून आपण ॲव्होमिनची गोळी घेतो ना, त्याच्यावर दारू घेतली की गुंगी फार वाढते, हलत्या जहाजावर जिन्यात तोल जायला तेवढं पुरतं. गोळी घेतली त्या दिवशी ग्लास नको, एवढं तरी पाळा. उन्हात डेकवर बसणार असाल तर पाणी भरपूर प्या, सोलापूरच्या उन्हाची सवय असली तरी समुद्रावरच्या वाऱ्यात घाम कळत नाही.

पैशाचंच बघायचं तर पॅकेज न घेता एक रक्कम ठरवून टाका. दोघांनी बसून ठरवायचं, या ट्रीपला पिण्याचे सगळे मिळून २०० डॉलर, त्यात चहा-कॉफी-मॉकटेल-बिअर सगळं आलं. वाचलेल्या चाळीस-पंचेचाळीस हजारांत फुकेतला बोटीनं आयलंडची टूर होते, एक दिवस एखाद्या चांगल्या स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जेवण होतं, सिंगापुरात एक रात्र जास्त राहता येतं. ज्यांनी असं केलंय त्यांना परत येऊन पॅकेज घेतलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.

जहाजावर गेल्यावर बिल रोज रात्री अॅपवर नाहीतर केबिनमधल्या टीव्हीवर बघत जा, दोनशे कुठवर आलेत ते कळतं आणि चुकून दुसऱ्याचा ग्लास तुमच्या केबिनला लागला असला तर लगेच गेस्ट सर्व्हिसला जाऊन सांगता येतं. शेवटच्या सकाळी तिथं मोठी लाईन असते, सगळ्यांना उतरायची घाई, त्यामुळं हे काम शेवटच्या रात्री जेवण झाल्यावरच उरकून घ्या आणि बिलाची कॉपी मेलवर मागवून ठेवा.